डुक्कर गाडीतला अर्धा हिस्सा

मागच्या हिवाळ्यात माझ्या एका एफडीची मुदत भरली आणि घरातल्या माणसांचा माझ्याशी बोलायचा सूर एकदम मऊ झाला. मुलाला गच्चीवर सोलर बसवायचं होतं. सुनेला वाटत होतं की मी आता गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यावं. गुडघा माझा, हौस तिची. नात म्हणाली, "आज्जी, तू हे पैसे फंडात टाक आणि हात लावू नको." ती कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि जगातल्या सगळ्या पैशाला कुणीतरी उगाच हात लावून राहिलंय अशी तिची खात्री आहे.

मी कुणाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बहात्तराव्या वर्षी माणसाला एवढं तर यायलाच पाहिजे.

अशात एका सकाळी लातूरहून माझ्या भावाचा फोन आला. तेव्हा मी गच्चीवर मेथी खुडत होते. आमच्या नांदेडच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी विटांवर ठेवलेली एक जाड पत्र्याची डोणी आहे. जनावरांना पाणी पाजायची असते तसली, फक्त एका टोकाला निमुळती. तिच्यात मी दहा वर्षं मेथी लावत आलेय. निमुळत्या टोकाला दोन भोकं आहेत, त्यांतून जादा पाणी निघून जातं. ज्यानं कुणी ही बनवली त्याला बागेतलं कळत होतं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

"आक्का," भाऊ म्हणाला, "पैसे गुंतवतीस का?"

"कशात?"

"गाडीत."

मी मेथीची जुडी खाली ठेवली. गाडी म्हणजे कुठली, हे विचारायची गरज नव्हती.

हा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे सत्तरीचा. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला. गाडी आमच्या वडिलांची. वडील निलंग्याला वकील होते आणि सगळ्या तालुक्यात मोजून तीन मोटारी होत्या तेव्हा त्यातली एक आमच्या दारात उभी असायची. त्या जातीच्या गाडीला तेव्हा सगळे डुक्करच म्हणायचे. बुटकी, पाठीत गोल, पुढं नाकाड काढलेलं. पुढचे दोन्ही दरवाजे उलट्या बाजूला उघडायचे आणि गिअरची दांडी स्टिअरिंगच्या मानेलाच होती. वडील गेल्यावर ती लातूरला भावाच्या अंगणात ताडपत्री पांघरून बसून राहिली. भाऊ रिटायर झाल्यावर वर्षभरानं त्यानं तिची ताडपत्री काढली, सगळे नटबोल्ट सोडवले आणि "दोन महिन्यांत हिला पुन्हा रस्त्यावर आणतो" असं जाहीर केलं. त्याला अकरा वर्षं झाली.

"किती राहिलंय?" मी विचारलं.

"थोडंच राहिलंय."

हे थोडंच राहिलेलं मी अकरा दिवाळ्या ऐकून राहिले होते. "मग आत्ताच घाई कशाची?"

तो मग म्हणाला, "रविवारी ढाबेवाला न्यायला येऊन राहिला."

झालं होतं असं, की माझ्या भावजयीचा धीर संपला होता. लातुरात ज्याच्या घरी एक खोली जास्त आहे तो ती क्लासला येणाऱ्या पोरांना भाड्यानं देतो, आणि आमच्या भावजयीच्या घरी दोन खोल्या मावतील एवढ्या जागेत शेड घालून एक सांगाडा उभा होता. तिनं नवऱ्याला न सांगता हायवेवरच्या एका ढाबेवाल्याला तो दाखवला. ढाबेवाला खूश. गाडी अर्धी जमिनीत गाडायची, आत लाल-हिरवे दिवे लावायचे, येणारे लोक फोटो काढतील. रविवारच्या आत गाडी पुरी करायची काही सोय झाली तर ठीक, नाहीतर ढाबेवाल्याची क्रेन दारात येणार.

"आपल्या वडिलांच्या गाडीत बसून लोक तंदुरी खातील आक्का," भाऊ म्हणाला. "तू पैसे घाल. अर्धा हिस्सा तुझा."

एखाद्या शहाण्या बाईनं हसून विषय बदलला असता. पण त्या गाडीत माझं एक जुनं भानगडीचं प्रकरण अडकलेलं होतं, आणि ते आता सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मला बघायला आले तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि अक्कल वयाच्या मानानं फार कमी होती. बैठकीत पोहे झाले, नाव-गाव झालं, आणि मुलाच्या वडिलांनी विचारलं, काय काय येतं? या प्रश्नाचं उत्तर आमच्या काळात ठरलेलं होतं. शिवण, भरतकाम, स्वयंपाक, थोडंसं गाणं. माझ्या आईनं माझ्याकडून ते तीनदा पाठ करून घेतलं होतं. मी मान वर केली आणि म्हणाले, "मोटार चालवता येते."

आतल्या दारामागं भाऊ उभा होता. त्याला फुटलेलं हसू त्यानं खोकल्यात घातलं. वडिलांनी छताकडं पाहिलं. सासरे मात्र हुशार, त्यांनी लगेच विचारलं, "गिअर कुठं असतो?"

"स्टिअरिंगला," मी म्हणाले. सासऱ्यांची खात्री पटली.

खरं एवढंच होतं, की वडील कोर्टात पायी जायचे, आणि दुपारी सगळे झोपले की मी दारातल्या गाडीत जाऊन बसायची. स्टिअरिंग इकडं-तिकडं फिरवायची, दांडी खाली-वर करायची आणि मनातल्या मनात हैदराबादला जाऊन चार वाजता चहाला परत यायची. तेवढ्यावर मी मोटार चालवणारी झाले. का तसं बोलले? त्या मुलानं मला पसंत करावं म्हणून की नापसंत करावं म्हणून, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. ती मुलगी मला आज भेटली तर मी तिचा कान धरून विचारीन, बाई, गाणं येतं म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? एखादं भजन म्हणून सुटली असतीस.

मुलगा फक्त "छान" म्हणाला. आणि लग्नानंतर शेहेचाळीस वर्षं, म्हणजे सहा वर्षांपूर्वी ते गेले तोवर, हे महाशय भेटेल त्याला सांगत राहिले, "हिला मोटार येते."

ते नांदेडला जिल्हा परिषदेत क्लार्क होते. आमच्याकडं मोटार कधीच नव्हती, आधी सायकल आणि मग स्कूटर, त्यामुळं रोजचं निभावून जायचं. पण नातलगांत प्रसंग यायचे. भोकरला एका लग्नात जीपचा ड्रायव्हर तापानं फणफणला. वरात खोळंबली. हे गर्दीतून मोठ्यानं म्हणाले, "अरे, आमची ही आहे ना," आणि कुणीतरी माझ्या हातात किल्ली ठेवली. मी चक्कर आल्याचं सोंग केलं. ते इतकं सुरेख वठलं की मला दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. दुसऱ्यांदा हिमायतनगरला तसंच झालं तेव्हा मी नवस काढला. मुलाला नोकरी लागेपर्यंत स्टिअरिंगला हात लावणार नाही, म्हणाले. मुलाला नोकरी लागली. मग तो नवस मी सूनमुख पाहीपर्यंत वाढवला, आणि तिथून नातवंडांपर्यंत. देवालाही कळेना की ही बाई नेमकं मागतीय काय.

तर भाऊ "अर्धा हिस्सा तुझा" म्हणाला तेव्हा मला पैसे दिसलेच नाहीत. मला दिसलं ते एवढंच, की ज्या गाडीवरून मी खोटं बोलले ती गाडी अजून जमिनीच्या वर आहे. मरायच्या आधी ते खरं करून टाकता येईल. रविवारनंतर येणार नाही.

"येते शुक्रवारी," मी म्हणाले.

नात म्हणाली, "मी पण येते. तुला एकटीला सोडलं तर तू सही करून येशील." तिनं वहीत प्रश्नांची यादी लिहून घेतली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यानं कंडक्टरशी बोलताना आम्ही दोघी फार श्रीमंतासारख्या वागलो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारी लातूर आलं. वाटेत ती मला समजावून राहिली होती की भावनेच्या भरात माणूस चुका करतो. मी म्हटलं, भावनेचा भर नसता तर तुझा बाप पण नसता. तिनं वही मिटली.

दारात भावजय उभीच होती.

"या वन्सं. चहा घेता की आधी हाडं बघता?"

"आधी हाडं," मी म्हणाले.

शेडमध्ये गेलो. मला वाटलं होतं तितकी वाईट अवस्था नव्हती, आणि भावानं सांगितली होती तितकी चांगलीही नव्हती. गाडी चारही चाकांवर उभी होती. अंगाला रंगाखालचं लाल अस्तर मारलेलं. काचा नाहीत, शीटं नाहीत. ड्रायव्हरच्या जागी एक पाट आणि त्यावर उशी. भिंतीच्या फळ्यांवर बिस्किटांचे डबे ओळीनं, आणि प्रत्येकावर भावाच्या खात्यातल्या अक्षरात चिठ्ठी: डावा दरवाजा बिजागरी, उजवा दरवाजा बिजागरी, कशाचे माहीत नाही. शेवटच्या नावाचे सहा डबे होते.

नातीनं वही उघडली. "मामाआजोबा, पुरी झाल्यावर विकली तर किती येतील?"

"विकायचीच न्हाई."

"भाड्यानं देणार? लग्नाबिग्नाला?"

"वडलांची गाडी भाड्यानं?"

"मग याला गुंतवणूक म्हणता येत नाही."

"मग काय म्हणायचं?"

"खर्च."

"पोरगी हुशार हाय," भावजय म्हणाली. "हिला चार दिवस इथंच ठेवून जा वन्सं."

शेडमध्ये आणखी एक माणूस होता. पांढऱ्या दाढीचे मिस्त्री, अकरा वर्षं या गाडीपायी येऊन राहिलेले. घरातल्या माणसापेक्षा त्यांनाच तिची जास्त माया. ते मला म्हणाले, "इंजन देखो अम्मा," आणि पुढं जाऊन लोखंडी हँडल घालून एक झटका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला गाडी अशी खाकरली, की मला वडील कोर्टातून आल्यासारखं वाटलं. मग तिनं सूर धरला. थरथरत होती, पण बंद पडत नव्हती. डबे वाजायला लागले. नात वही विसरून पुढं सरकली. 

"इंजन तो नवाब है," मिस्त्री म्हणाले. "बस टोपी नई सर पे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इंजिन मला सरळ दिसत होतं. वर काही झाकणच नव्हतं.

"बोनेट कुठंय?" मी विचारलं.

भावाचा चेहरा पडला. "तीच तर रड हाय. तुमच्या नांदेडच्या कारागिरानं खाल्लं."

त्यानं सगळं सांगितलं. गाडी उघडली तेव्हाच बोनेटला पोचे होते. माझ्या नवऱ्यानं त्याला नांदेडचा एक पत्र्याचं काम करणारा कारागीर सुचवला, आणि भावानं बोनेट तिकडं पाठवून दिलं. काही महिन्यांनी आणायला गेला तर दुकानाला कुलूप. पुढच्या खेपेला तिथं मोबाईलचं दुकान. कारागिराचा पत्ता नाही. या गाडीचं बोनेट आता कुठं मिळत नाही. हैदराबादला एक जण साध्या पत्र्यातून हातानं ठोकून देतो, पण तो जे मागत होता ते जवळजवळ माझ्या एफडीएवढं होतं.

"म्हणजे माझे सगळे पैसे एका झाकणात?"

"झाकण न्हाई आक्का. बोनेट. गाडीचं तोंड असतंय ते. थांब, तुला दाखवतो."

तो आत जाऊन एक फोटो घेऊन आला. माझ्याच लग्नातला. गाडीला झेंडूच्या माळा, मागच्या खिडकीत मुंडावळ्यांखाली मी, तोंडावर असा भाव की जणू ड्रायव्हरला कसं चालवायचं हे मीच सांगून राहिलेय. आणि पुढं ते बोनेट. मागं रुंद, पुढं निमुळतं होत आलेलं. टोकाला पितळी पट्टी.

"ही पट्टी माझ्याकडं हाय," भाऊ म्हणाला. "दोन स्क्रूवर बसायची. दोन भोकं होती तिथं."

मी फोटो बराच वेळ पाहिला. मग तो उलटा केला.

"आज्जी, उलटा धरलास," नात म्हणाली.

"माहितीय मला."

उलट्या बोनेटमध्ये मला मेथी दिसली.

दहा वर्षांपूर्वी मी लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने पुण्याला होते. परत आले तर गच्चीवर टाकीला टेकून पोत्यात गुंडाळलेली ती डोणी. यांना विचारलं, हे काय? हे म्हणाले, "तुझ्या माहेरचं आहे, हात लावू नको." आता गंमत अशी, की आमच्या घरात जे काही मोडकं, पोचे पडलेलं किंवा बिनकामाचं असेल त्याला हे तुझ्या माहेरचंच म्हणायचे. गळकी बादली माझ्या माहेरची. पाय तुटलेलं स्टूल माझ्या माहेरचं. लग्नानंतरची चाळीसेक वर्षं मी ते ऐकलेलं. माझा विश्वास बसण्याचा काही प्रश्नच नव्हता. मी पोतं सोडलं, डोणी विटांवर ठेवली, माती भरली. आतून छान लाल रंग मारलेला होता. मला वाटलं, गंजू नये म्हणून काळजी घेतलीय बनवणाऱ्यानं.

हे सगळं आठवून मला आतून जी गुदगुली सुटली ती दाबायला मी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "मी पैसे देत नाही. बोनेट देते."

"कुठनं?"

"ते माझं मी बघीन. दिलं तर अर्धा हिस्सा माझा?"

"दिलंस तर अर्धा काय, स्टिअरिंगकडचा अर्धा घे."

"लिहून दे."

भावजयीनं वहीचं पान फाडून आणलं. ही बाई असल्या कामात फार तत्पर. भावानं लिहिलं की बहीण मूळ बोनेट आणून देईल, त्या बदल्यात स्टिअरिंगच्या बाजूचा अर्धा हिस्सा तिचा. भावजयीनं साक्षीदार म्हणून सही केली, मिस्त्रींनी उर्दूत केली. कागद घडी घालून मी ब्लाउजात ठेवला, आणि मग सांगितलं की बोनेट माझ्या गच्चीवर आहे आणि याच आठवड्यात त्यातली दुसरी काढणी झालीय.

मिस्त्रींनी गाडी बंद केली. तेवढ्या शांततेत भाऊ हळूहळू म्हणाला, "म्हंजे माझंच बोनेट मला देऊन माझ्याच गाडीत अर्धा हिस्सा."

भावजय शेडच्या पायरीवर बसली. तिला हसण्यानं उभं राहता येईना. "अकरा वर्षं," ती म्हणत होती, "अकरा वर्षं त्या गरिबाला शिव्या देऊन राहिलेत हे. जेवताना शिव्या, झोपताना शिव्या. आणि वन्सं मेथीचे पराठे करून खाऊन राहिल्या."

"तू पण खाल्लेत," मी म्हणाले. "मागच्या संक्रांतीला."

भाऊ मात्र हसत नव्हता. त्यानं चष्मा पुसला, परत घातला आणि नातीकडं वळला. "मग मी पण एक सांगतो. पोरी, तुझ्या आज्जीला गाडी येत न्हाई."

नात म्हणाली, "काहीपण. सगळ्यांना माहितीय आज्जीला येते. नवसामुळं चालवत नाही फक्त."

"विचार तिला."

नातीनं माझ्याकडं पाहिलं. मी शेडच्या पत्र्याकडं पाहिलं, वडिलांनी त्या दिवशी छताकडं पाहिलं होतं तसंच. मग म्हणाले, "नाही येत." बावन्न वर्षांनी ते दोन शब्द तोंडातून निघाले आणि काही कोसळलं वगैरे नाही. एक डबा तेवढा फळीवरून पडला, तो इंजिनच्या थरथरीनं आधीच कडेला आलेला होता.

"पण हे चांगलं केलंस," मी भावाला म्हणाले, "की त्यांना कधी कळू दिलं नाहीस. ते गेल्यावर फोडलंस."

"कुणाला? भावजींना?" भाऊ म्हणाला. "त्यांना लग्नातच सांगितलं की. कान पिळताना."

आमच्याकडं लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, एवढाच त्याचा अर्थ. मग नवरा त्याला काहीतरी देऊन कान सोडवून घेतो. माझ्या भावानं कान पिळला आणि तेवढ्यात त्याच कानात सांगून टाकलं की भावजी, हिला मोटार बिटार काही येत नाही, नंतर फसवलं म्हणू नका.

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं सांगितलंस, आता तू गप्प बस आणि गंमत बघ. आणि पँटपीसवर पाच रुपये जास्त दिले. गप्प बसायचे."

मला आधी काही कळलंच नाही. मग एकेक आठवायला लागलं. भोकरची किल्ली. हिमायतनगरची जीप. सलाईन लावलं तेव्हा हे शेजारी बसून माझा हात धरून होते, चेहरा इतका गंभीर की डॉक्टरांनी त्यांनाच पाणी दिलं होतं. ते गंभीर नव्हते तर. हसू दाबत होते. नवस कुठवर आला, हे दरवर्षी न चुकता विचारायचे. शेहेचाळीस वर्षं मी समजत होते की या साध्या माणसाला मी फसवून राहिलेय.

मी भावजयीच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मिस्त्रींनी आमच्यासाठी चहा सांगितला.

"पण दुकान मोडताना कारागिरानं बोनेट भावजींकडं दिलं असंल, तर त्यांनी मला का सांगितलं न्हाई?" भाऊ म्हणाला. "विसरले असतील."

विसरायचे ते, हे खरं. भाजी आणायला जाऊन वर्तमानपत्र घेऊन यायचे. पण मला वेगळंच वाटून राहिलं होतं. बोनेट लातूरला गेलं असतं तर गाडी पुरी झाली असती, गाडी पुरी झाली असती तर सगळे नातलग जमले असते, आणि कुणीतरी माझ्या हातात किल्ली ठेवलीच असती. त्या वयात मी कुठलं सोंग काढलं असतं? मी हे बोलून दाखवलं तर भाऊ म्हणाला, उगाच काहीतरी. म्हटलं, बरं, उगाच.

मग मी माझा निर्णय सांगितला. बोनेट मुळात त्याचंच, त्याच्यावर हिस्सा घेणं म्हणजे अंगणातला आंबा तोडून मालकालाच विकणं. म्हणून काचा, शीटं आणि रंग माझ्या पैशातून. नातीनं वहीत लिहिलं: खर्च. मग जरा विचार करून त्याच्यासमोर छोटंसं हसरं तोंड काढलं. कागद मात्र मी परत दिला नाही. शेडचं काय, असं भावजयीनं विचारलं. मी म्हटलं, चालू झाली की सहा महिने नांदेडला माझ्या दारात. ती म्हणाली, "सहाच कामून? बाराही ठेवा, मी तुमच्या भावाला वर्षातून एकदा बघायला पाठवत जाईन." आणि तिनं स्वतःच ढाबेवाल्याला फोन लावून सांगितलं की रविवारी येऊ नका, हाडांना गिऱ्हाईक मिळालं.

"आता एक काम राहिलं," मी म्हणाले आणि उलट्या दरवाजातून आत शिरून पाटावर बसले.

कुणी नको म्हटलं नाही. शेडच्या मागं मोकळा प्लॉट आहे, टोकाला लिंबाचं झाड. मिस्त्रींनी हँडल मारलं. ते खिडकीशी वाकून म्हणाले, "अम्मा, क्लच धीरे छोडना. बिल्ली के बच्चे कू नीचे रखते ना, वैसा." मी ठेवलं. मांजराचं पिल्लू पहिल्यांदा आपटलं, गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही आपटलं. तिसऱ्यांदा गाडीनं मला आधी मागं ढकललं आणि मग ती निघाली. समोर झाकण नसल्यानं सगळं इंजिन उघडं धडधडत होतं, एका बाजूनं भाऊ ओरडत पळत होता, दुसऱ्या बाजूनं नात मोबाईल धरून. भावजयीची वाळत घातलेली साडी मध्ये आली. मी ती घेतली. लिंबाच्या अलीकडं मिस्त्रींनी आत हात घालून किल्ली बंद केली.

मोजून चाळीस पावलं. निलंग्याहून हैदराबादला मी कैकदा जाऊन आले होते, पण एवढं लांब कधी गेले नव्हते.

"साडी कुणाची होती?" मी उतरल्यावर विचारलं.

"तुम्हीच दिलेली," भावजय म्हणाली. "जाऊ द्या. मला आवडत नव्हतीच."

नांदेडला परत आल्यावर सोमवारी मी उरलेली मेथी काढली. मुलानं माती उपसली, कुरकुरत; त्याचं सोलर तेवढं मागं पडलं होतं. सुनेनं माती कुंड्यांत भरून घेतली. मग आम्ही तिघांनी मिळून बोनेट उचललं आणि पहिल्यांदाच सरळ करून भिंतीला लावलं. तळाशी, म्हणजे खरं तर वर, काळ्या ऑईलपेंटनं लिहिलेलं होतं. विटांवर टेकलेल्या त्या बाजूला दहा वर्षांत कुणाची नजर गेली नव्हती. यांचंच अक्षर, फायलीवर लिहायचे तसं, वेलांटीला शेपूट असलेलं.

लातूरला पाठवणे.

आणि खाली, ऑफिसात शेरा मारायच्या सवयीनं: घाई नाही.

सोयाबीनची पोती घेऊन लातूरला चाललेल्या एका टेम्पोत मी ते चढवलं आणि पुढच्या आठवड्यात शिकायला म्हणून परत लातूरला गेले. मिस्त्रींनी बोनेट हातानं ठोकून पाहिलं, एका कोपऱ्यात गंज होता तेवढा घासला. म्हणाले, "पुराना पत्रा है अम्मा. अब के पत्रे होते तो मेथी के साथ मट्टी हो जाते." मग त्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, ये क्या लिखा है, रंग मारूं ऊपर से?

मी एकदा परत वाचलं.

"मारा," मी म्हणाले. "आता घाई आहे."